फुलांची फडकी

गुलछडीचा, म्हणजे निशिगंधाचा, एक नंबर माल पांढऱ्या फडक्यात बांधायचा आणि दोन नंबर रंगीत लुगड्यात, हा आमच्या घरचा कायदा होता. तो कुणी केला ते मला माहीत नाही, पण आमच्या कुरकुंभच्या शिवारात फुलं करणारी जी मोजकी घरं होती, ती सगळी तो पाळायची. कारण साधं होतं. पांढऱ्यावर डाग दिसतो. दांडीवरचं एखादं जरी फूल तांबूस पडलेलं असलं तरी धोतराच्या ओल्या कापडावर ते लगेच डोळ्यात भरतं. ज्याला आपल्या मालाची खात्री आहे त्यानंच पांढऱ्यात बांधावं. पुण्याच्या फूलबाजारात आडत्याची माणसं गाठोड्यांच्या ढिगातून आधी पांढरी गाठोडी ओढायची, रंगीत मागाहून.

दुपार कलली की दांड्या कापायला घ्यायच्या. खालचं एखादं फूल उमलू घातलेलं आणि वरच्या कळ्या मिटलेल्या, अशी दांडी एक नंबर. वाकडी, आखूड, जास्त उमललेली, कडेनं करपलेली ती दोन नंबर. ती हारवाले घ्यायचे, कळ्या तोडून ओवायला. दांड्यांच्या जुड्या करायच्या, फडकं हौदात बुडवून पिळायचं, त्यात जुड्या आडव्या रचायच्या आणि चार टोकांची गाठ मारायची. दिवेलागणीच्या आधी टेम्पो यायचा. सोलापूर रोडनं पुण्याला जाणारा हा टेम्पो वाटेतल्या गावांतली फुलं गोळा करत जायचा आणि दुसऱ्या दिवशी दुपारी रिकामी फडकी ज्याची त्याला देत माघारी यायचा. फडकी परत येण्याला फार महत्त्व होतं. लोकांना वाटेल फुलं महत्त्वाची, पण आमच्याकडे फुलं गेली की गेली. आई वाट बघायची ती फडक्यांची.

टेम्पोवाले मामा धनगराच्या घरातले. त्यांच्या वडिलांनी मेंढरं विकून हा टेम्पो घेतला होता आणि मामा तो मेंढरासारखाच हाकायचे, तोंडानं आवाज काढत. हॉर्नवर त्यांचं मोठं प्रेम. गाडी थांबली की लगेच हॉर्न, आणि मग हॉर्नवरचा हात निघायचाच नाही. आम्ही गाठोडी घेऊन पळत सुटायचो तरी ते ओरडायचे, "चला की आटपा! फुलं काय दगड हायत का थांबायला?" आई त्यांच्यावर चिडायची आणि त्यांच्यासाठी चहाही तीच ठेवायची.

मला त्या वासाचा तेव्हा वीट आला होता, हे आधीच सांगून टाकते. मी दौंडला कॉलेजात जात होते. एसटीत शेजारी बसलेली मुलगी नाक मुरडून म्हणायची, तू काय लग्नातून उठून आलीस का गं. केसांना, वहीला, डब्यातल्या चपातीला, सगळ्याला गुलछडीचा वास. आज मात्र कुठल्या लग्नाच्या हॉलमध्ये शिरताना तो वास अंगावर आला की मला पुढं जाता येत नाही. मी खुर्चीची पाठ धरून तिथंच उभी राहते. बरोबरची माणसं विचारतात, चक्कर आली का. मी हो म्हणते. आई आठवली असं लग्नात कुणाला सांगत बसायचं?

माझ्या थोरल्या बहिणीला, आक्काला, वरवंडला दिली होती. वरवंड आमच्यापासून काही लांब नाही, त्याच रस्त्यावर पुण्याच्या बाजूला. टेम्पो आमच्याकडून निघाला की वाटेत वरवंड लागायचंच. तिच्या सासरीही फुलं होती, अॅस्टर आणि शेवंती. घर मोठं, जमीनदार, आणि तिचे सासरे, ज्यांना सगळं गाव आप्पा म्हणायचं, ते सोसायटीच्या निवडणुकीत आयुष्यभर निवडून आलेले. त्यांचा शब्द म्हणजे शब्द, असं लोक म्हणायचे. अशा माणसांचा घरात केवढा जाच असतो ते निवडून देणाऱ्यांना कुठून कळणार?

आक्काच्या लग्नाला वर्ष होतंय तोवर तिच्या धाकट्या दिराचं लग्न ठरलं. आप्पांनी निरोप धाडला, मांडवाला आणि स्टेजला गुलछडी तुमचीच हवी. माझ्या वडिलांना, म्हणजे आबांना, केवढा आनंद झाला. त्या आठवड्यात लग्नाच्या तिथी दाट होत्या, बाजार चढलेला होता, तरी आबांनी चांगल्यातली चांगली दांडी राखून ठेवली. आठ दिवस ते त्या वाफ्यात कुणाला पाय ठेवू देत नव्हते. लग्नाच्या आदल्या दुपारी आम्ही कापणी केली आणि आबा विहिरीवर मोटार बघायला गेले, कारण लाइट आत्ताच आली होती आणि ती किती वेळ राहील याचा भरवसा नव्हता.

बांधायला आई बसली. तिनं धोतराचं पांढरं फडकं हातात घेतलं, थोडा वेळ तसंच धरलं आणि बाजूला ठेवलं.

"लग्नघरी पांढरं धाडू व्हय?" ती मला म्हणाली. "लोक काय म्हंतील. पांढरं कशाला घालत्यात म्हाईत हाय न्हवं?"

ती आत गेली आणि ट्रंकेतलं हिरवं लुगडं घेऊन आली. हे लुगडं आक्काच्या लग्नात तिच्या सासरकडून आईला मिळालेलं, विहिणीचा मान म्हणून. आईनं ते एकदाच नेसलं होतं. मी म्हटलं, अगं चांगलं लुगडं भिजवतेस काय. ती म्हणाली, त्यांचंच लुगडं त्यांच्या दारात फुलं घेऊन जाईल, त्याला काय झालं. तिनं ते हौदात बुडवलं, पिळलं आणि एक नंबरच्या जुड्या त्यात अशा बांधल्या की जणू ओटी भरतेय.

आता उरला दोन नंबर माल. रंगीत फडकी सगळी आदल्या दिवशी पुण्याला गेलेली आणि लग्नसराईच्या गर्दीत बाजारातच अडकलेली, त्या दुपारी ती माघारी आलीच नव्हती. घरात फडकं उरलं होतं ते एकच, पांढरं. आईनं दोन नंबर त्यात बांधला. एक दिवस आडत्यानं हसून घेतलं असतं, त्यात काय मोठं.

तेवढ्यात हॉर्न वाजायला लागला. आबा विहिरीवरून पळत आले, मी आणि आईनं गाठोडी रस्त्याला नेली आणि आबांनी मामांना सांगितलं, "एक नंबर वरवंडला लग्नघरी उतरवा. दुसरं पुण्याला." मामांनी मान हलवली. इतकी वर्षं ज्या माणसानं आमची गाठोडी उचलली, त्याला एक नंबर कुठला हे विचारायची गरज पडेल का? पांढरं म्हणजे एक नंबर. त्यांनी पांढरं गाठोडं वरवंडला उतरवलं आणि हिरवं पुण्याला नेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही नटूनथटून वरवंडला पोचलो. मांडवाच्या तोंडालाच जमिनीवर पांढरं फडकं पसरलेलं होतं आणि त्यावर आमची वाकडी, तांबूस पडलेली गुलछडी. कुणी हात लावला नव्हता. मुद्दाम तशीच ठेवली होती, येणाऱ्या जाणाऱ्यानं बघावी म्हणून. आप्पा फेटा बांधून तिथंच उभे होते. आबा पुढं झाले, तसे सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात ते म्हणाले, "पाव्हनं, लग्नाला फुलं मागितली व्हती. मढ्यावर टाकायला न्हाई."

आबांनी फडक्याकडे बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावरून मला कळलं की काय झालं ते त्यांना समजलेलं नाही आणि चूक झाली एवढंच समजलंय. "चुकून झालं असंल, आप्पा," ते म्हणाले.

"तुमची चूक बाजारात न्हाई व्हत कंदी. आमच्याच दारात बरी झाली."

आबा तिथून वळले ते थेट रस्त्याला लागले. अक्षता टाकल्या नाहीत, जेवले नाहीत. लग्नघरातून सोयरा न जेवता गेला म्हणजे भांडणावर शिक्काच. मी मागं वळून बघितलं तेव्हा आक्का स्वयंपाकघराच्या दारात हळदीकुंकवाचं ताट घेऊन उभी होती. तिनं हात उचलला नाही, नुसती बघत राहिली. त्यानंतर कितीतरी वर्षं माझ्याकडे आक्काचं तेवढंच चित्र होतं.

घरी येताना एसटीत आईनं आबांना फडक्यांचं सगळं सांगितलं. आबा खिडकीतून बाहेर बघत होते. "आता कुनाला सांगतीस," एवढंच ते म्हणाले. तरी मानपान गिळून ते एकदा गेले वरवंडला, समजावून सांगायला. आप्पांनी अंगणातच गाठलं. आबांनी टेम्पोवाल्याचं नाव काढताच आप्पा म्हणाले, मानसानं आपली चूक ड्रायवरवर घालू नये. घोटभर पाणीसुद्धा कुणी विचारलं नाही. आबा परत आले आणि म्हणाले, त्या दारात आता माझा पाय पडायचा नाही. तिकडे आप्पांनी जाहीर केलं होतं, आमची सून त्या दारात जायची नाही. दोघांची दारं बंद झाली आणि मध्ये माझी आई उभी राहिली. दोन पुरुष एवढे भांडले, टेम्पोवर, मानपानावर, बाजारावर सगळं बोलून झालं, पण गाठोडी ज्या बाईनं बांधली तिला एकानंही एक शब्द विचारला नाही. मला याचा राग अजून येतो आणि तो घालवायची माझी इच्छाही नाही.

पंचमीला आक्का आली नाही. दिवाळीला आली नाही. गावातल्या बाकी मुली माहेरी येऊन झोके घेऊन परत गेल्या आणि आई दारात उभं राहायचं टाळू लागली. मग बातमी कळली की आक्काला दिवस गेलेत. पहिलं बाळंतपण माहेरी, हे तर जगातल्या सगळ्या घरांत ठरलेलं. आईनं बाळंतविडा करायला घेतला, डिंक आणला, खारका फोडल्या. तिला आत कुठंतरी वाटत होतं की एवढ्यासाठी तरी धाडतील. धाडलं नाही. मुलगी झाल्याचंही वरवंडच्या बाजारात भेटलेल्या कुणा बाईकडून कळलं. त्या दिवशी आईनं बाळंतविड्याचे लाडू मजुरांच्या बायकांना वाटून टाकले आणि मला म्हणाली, डिंक उष्ण असतो, ठेवून काय करायचाय.

त्याच सुमारास एका दुपारी मामांनी फडकी टाकली, त्यात एक फडकं आमचं नव्हतं. निळं, पांढऱ्या ठिपक्यांचं, अर्ध्यात फाडलेलं सुती लुगडं. मी ते बाजूला टाकणार होते. आईनं माझ्या हातातून काढून घेतलं आणि ती तिथंच रस्त्याच्या कडेला खाली बसली.

"आक्काचं हाय," ती म्हणाली.

ते लुगडं तिनंच आक्काला दौंडच्या दुकानातून घेऊन दिलं होतं. एका टोकाला अर्धवट सुटलेली गाठ होती. कळ्या चुरगळू नयेत म्हणून सैल आणि तरी सुटू नये म्हणून टोक आत खोचलेलं. अशी गाठ आमच्या घरात फक्त आक्का मारायची. आईनं ती गाठ सोडली नाही. फडकं नाकाशी धरून बसून राहिली. त्याला शेवंतीचा कडवट वास येत होता, बाजारातल्या चिखलाचा येत होता. आक्काचा वास येत होता की नाही ते तिलाच ठाऊक.

"अवं दादा, हे आमचं न्हाई," तिनं मामांना सांगितलं.

मामा स्टिअरिंगवरनं समोर बघत होते. "बाजारात मिसळली असत्याल, वैनी," ते म्हणाले आणि हॉर्न वाजवून निघून गेले.

दुसऱ्या दिवशी आईनं आपल्या अंगावरच्या, धुऊन मऊ झालेल्या जांभळ्या लुगड्याचे दोन तुकडे केले. एकात फुलं बांधली. दुसरा घडी करून गाठोड्याच्या वर ठेवला आणि मामांना म्हणाली, "ह्ये वरवंडचं चुकून आल्यालं. द्या तिकडं." मामांनी त्या जांभळ्याकडे बघितलं, निळं नव्हे हे त्यांना काय दिसत नव्हतं? "देतो की," ते म्हणाले.

असं ते सुरू झालं. पहिल्या वेळी खरंच चुकलं असेल, पण पुढं मामा दर काही दिवसांनी चुकायला लागले. इतका हुशार माणूस, सगळ्या रस्त्याची फडकी तोंडपाठ असलेला, आणि आमच्या दोन घरांची तेवढी त्याच्याकडून मिसळायची. आबांना कळत नव्हतं असं नाही. ते हौदाच्या कडेला बसून म्हणायचे, "ते जाड फडकं घे, त्यात फुलं गार ऱ्हात्यात," आणि जे दाखवायचे ते नेमकं आईच्या अंगावरचं असायचं. एकदा तर त्यांनी आपलं उपरणंच फडक्यांच्या ढिगात टाकलं. आईनं तेही बांधून दिलं. मी हसले तर आबा माझ्यावर खेकसले, जा, मोटार बघून ये.

एकदा आलेल्या फडक्याला ठिगळ लावलेलं होतं, पिवळ्या फ्लॅनेलच्या तुकड्याचं, त्यावर बदकाचं अर्धं डोकं. बाळाचं झबलं तोकडं झालं असणार आणि आक्कानं त्याचं ठिगळ केलं असणार. आईनं त्या ठिगळावर तळहात ठेवला आणि बराच वेळ तसाच राहू दिला. मग पुढच्या हिवाळ्यात लोकरीच्या टोपड्याचा पट्टा आला, त्याच्या पुढच्या वर्षी छोट्या फ्रॉकची झालर. आई म्हणायची, उंच झाली गं, आक्कावर गेली. कशावरून म्हणतेस, असं मी विचारायचे. ती झालर दाखवायची. एका झालरीवरून नातीची उंची ठरवणारी बाई मी तेवढी एकच बघितली. ठिगळं उसवून तिनं उशीखाली ठेवली आणि फडकी मात्र कामाला घेतली, कारण फडकं नुसतं ठेवून द्यायचं हे तिच्या बुद्धीला पटणारं नव्हतं.

हिरवं लुगडं मात्र परत आलं नाही. आई मधूनच मामांना विचारायची. मामा डोकं खाजवायचे. कुठं उतरलं, काय आठवत न्हाई, म्हणायचे.

मग नव्वदचं दशक सरत आलं आणि फुलांच्या धंद्याचं रूप पालटलं. आक्काच्या नवऱ्यानं वरवंडला पॉलिहाउस घातलं. आत जरबेरा, प्रत्येक फुलाच्या तोंडाला प्लास्टिकची पिशवी, आणि सगळं खोक्यात बंद. खोकी न्यायला वेगळी पिकअप यायची. शेवंती मोडली, अॅस्टर मोडलं आणि त्या घरातलं फडकं रस्त्यावर यायचं थांबलं. आमच्या गुलछडीलाही बाजारात क्रेट मागायला लागले. मामा आता प्लास्टिकचे निळे क्रेट आणून टाकायचे, सगळे एकसारखे, कुणाचा कुठला ते कळू नये असे. आई रिकाम्या क्रेटमध्ये हात घालून बघायची. आत काय असणार? एखादी चेंगरलेली कळी.

त्या काळात आई एकाएकी म्हातारी दिसायला लागली. काम तेवढंच करायची, पण कापताना मध्येच थांबायची आणि हातातली दांडी तशीच राहायची. एकदा ती मला म्हणाली, "पोरगी आता बोलत असंल. मला काय म्हनून हाक मारायची, ते तिला ठावंच नसंल." मी तेव्हा नोकरीच्या परीक्षा देत होते. हातातलं पुस्तक मिटून मी तिच्या शेजारी जुड्या करायला बसले.

मग एका संध्याकाळी, ऊन अजून होतं, टेम्पो नेहमीपेक्षा लवकर आला. मामांनी सांगितलं की महिनाअखेर ते टेम्पो विकणार, कुरकुंभच्या कंपनीत गाडीवर लागणार. शिफ्टची माणसं न्यायची, आणायची. आईनं ऐकलं. हात धुतले, पदर सारखा केला आणि मला म्हणाली, चल. ती टेम्पोच्या पुढच्या दाराशी जाऊन उभी राहिली.

"कुठं?" आबांनी विचारलं.

"वरवंडला."

मला वाटलं आता आवाज चढणार. ते वळून क्रेटकडे गेले, त्यातून एक नंबरच्या जुड्या काढल्या, हाताला येतील तेवढ्या, आणि आईसमोर आणून धरल्या.

"रिकाम्या हातानं जाऊ नगंस," ते म्हणाले.

आई इकडं तिकडं बघायला लागली, बांधायला काही मिळतं का ते. आबा म्हणाले, "काय बी गुंडाळू नगं. उघडीच ने. बघू दे लोकास्नी माल."

आई मामांच्या शेजारी बसली, मांडीवर उघडी गुलछडी घेऊन, आणि मी दाराशी. फुलं तिच्या गळ्यापर्यंत आली होती आणि ती त्यांच्यावरून रस्त्याकडे बघत होती. वरवंड आलं, मामांनी गाडी आप्पांच्या घरासमोर रस्त्याच्या कडेला लावली. "जावा," ते म्हणाले. "मी हाय हितं."

आप्पा ओट्यावर खाटेवर बसले होते. केवढे वाळले होते. आई अंगणात उभी राहिली. तिनं डोक्यावरचा पदर पुढं ओढला, पण आवाज तिचा स्पष्ट होता.

"आप्पा, त्या वक्ताला गाठोडी मी बांधली व्हती. लग्नाला पांढरं नगं म्हनून चांगली फुलं मी तुमच्याच हिरव्या लुगड्यात बांधली. पांढऱ्यात व्हता तो बाजारचा माल. टेम्पोवाल्या दादांस्नी ह्ये ठावं न्हवतं. ह्यांस्नी बी ठावं न्हवतं. एवढंच सांगाया आले."

आप्पा म्हणाले, "ठावं हाय मला, विहीणबाई."

आईला कळलं नाही. मलाही.

"हिरवं लुगडं लग्नाच्या दुसऱ्याच दिशी चुकून हितं उतारलं. आत वल्ल्या कळ्या व्हत्या चार, एक नंबरच्या. मीच घेतल्यालं लुगडं, मी वळखनार न्हाई व्हय? बघितलं आन् सारं ध्यानात आलं."

माझ्या तोंडून गेलंच, "मग इतकी वर्षं?"

आईनं माझा हात दाबला. आप्पांनी मात्र रागानं बघितलं नाही. ते खाटेच्या सुंभाकडे बघत म्हणाले, "मांडवात बोललो व्हतो, पोरी. चार गावच्या लोकांम्होरं. बोलल्यालं माघारी कसं घ्यायचं, ते मला कंदी आलं न्हाई."

मला त्या क्षणी त्यांना काय काय बोलावंसं वाटलं ते मी इथं लिहीत नाही. एका माणसाला माघार घेता येत नाही म्हणून माझ्या आईनं नात ठिगळांवरून वाढवली. पण आई रागावली नाही. ती फुलं धरून तशीच उभी होती आणि तिला फक्त एकच गोष्ट हवी होती, तिच्यापासून चार पावलांवर भिंतीआड असलेली.

"ह्ये आलं तवा पानी बी विचारलं न्हाई तुमी," ती म्हणाली. "आज तरी विचारा."

आप्पांनी मान खाली घातली. मग आत वळून हाक मारली, "सूनबाई, पानी आन. तुझी आई आलीया."

आत काहीतरी पडल्याचा आवाज झाला. आक्का बाहेर आली ती तांब्या न घेताच. दारात थांबली. ती जाड झाली होती, केस कानाजवळ अवेळीच पांढरे झाले होते, आणि आईनं तिच्याकडे बघून पहिलं वाक्य म्हटलं ते हे, "जेवतीस का न्हाई गं नीट?" मग दोघी रडायला लागल्या. फुलं अंगणात सांडली. मी ती गोळा करत राहिले, कारण मला माझ्या हातांचं काय करावं ते कळत नव्हतं.

आक्काच्या मागून एक लहान मुलगी आली होती, एका हातानं गोधडी ओढत. नुकतीच झोपेतून उठलेली. गोधडीचा वरचा पदर हिरवा होता, तेच लुगडं, आणि खालून दिसत होतं जांभळं, विटकरी, आईच्या अंगावरचं एकेक लुगडं, आणि कडेला आबांच्या उपरण्याची किनार. आक्कानं काहीही कामाला घेतलं नव्हतं. आलेलं सगळं शिवून टाकलं होतं.

"ही कोन?" मुलीनं विचारलं.

आई खाली बसली. हात पुढं केला नाही, पोर बुजेल म्हणून. मुलगी थोडा वेळ लांबून बघत राहिली, मग आपणच पुढं आली, आईच्या पदराला तिनं नाक लावलं आणि मागं वळून आक्काला म्हणाली, "आई, हिला माझ्या गोधडीचा वास येतोय."

आम्ही दिवे लागेपर्यंत तिथं होतो. रस्त्याच्या कडेला टेम्पो उभा होता आणि त्यात साऱ्या रस्त्याची फुलं वाळत चालली होती. मामांनी त्या दिवशी हॉर्न वाजवला नाही.